ओके साहेब आणि त्यांचा हिरवा रिपोर्ट

पडद्यावर हिरवा रंग आला की ओके साहेबांचे कान बंद व्हायचे. उभी हयात त्यांनी महाळुंग्याच्या कारखान्यात माल तपासण्यात काढली. मापाचं गेज लावायचं, बसलं की 'ओके'चं स्टिकर. मग निगडीत वेबसाइट बनवायचं ऑफिस थाटलं आणि ती सवय सोबत आणली. मला दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करतो. अंधांनाही साइट वापरता यावी याचे नियम असतात, ते पाळलेत का हे बघायला मला ठेवलेलं. म्हणे!

नियम तपासायला साहेबांनी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. चित्राला आम्हाला वाचून दाखवायचं वर्णन नसलं की ते लाल व्हायचं. साहेबांनी सगळ्या चित्रांना एकच वर्णन चिकटवलं, 'फोटो'. झालं हिरवं! माझ्या कानात दिवसभर फोटो, फोटो, फोटो. बोललो तर म्हणायचे, "राव, गेज पास आहे. माल सोडा." कपाळावर हात मारून घ्यायचो मी.

माणूस मायाळू, तेच तर दुखणं. संध्याकाळी न विचारता माझा दंड धरून स्टँडवर न्यायचे आणि भलत्याच बसमध्ये चढवायचे.

कुरुळीची सलमा माझी कॉम्प्युटर क्लासमधली मैत्रीण, तीही अंध. तिला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर व्हायचं होतं. कंपनीची साइट आम्हीच बनवलेली. तिनं अख्खा अर्ज भरला, पण 'पाठवा'चं बटण फक्त माउसनं चालायचं. माउसचा बाण आम्हाला दिसत नाही, आणि कीबोर्डवरून तिथं पोचताच येईना. साहेबांना म्हटलं, बटण दुरुस्त करा. त्यांनी काय करावं? गाडी काढून कुरुळीला गेले, स्वतः क्लिक केलं, वर तिच्यासोबत फोटो काढला.

"झालं ना काम, बेटा?"

"झालं सर. पण नोकरी लागल्यावर रोज याल का क्लिक करायला?"

साहेब खो खो हसले. त्यांना गंमत वाटली.

मुलाखतीत तिला त्याच साइटवर आलेल्या एका फोनची नोंद करायला सांगितलं. पुन्हा तेच बटण. "बाईंना कॉम्प्युटर येत नाही," म्हणून कंपनीवाल्यांनी परत पाठवलं. सलमाला! माझ्या दुप्पट वेगानं टाइप करते ती! मी साहेबांना तोंडावर सुनावलं. त्यांचा आवाज भरून आला, अगदी खरा. म्हणाले, "पण रिपोर्ट तर हिरवा होता रे." मी नोकरी सोडली.

परवा सलमाचा फोन आला. "साहेबांनी आमचा तो फोटो त्यांच्या ऑफिसच्या साइटच्या पहिल्या पानावर लावलाय म्हणे. माझ्या फोनवर नीट कळत नाही. तुझ्याकडे बघ ना, माझं नाव-बिव येतंय का?"

मी साइट उघडली.

"फोटो," सॉफ्टवेअर म्हणालं.