हारातली तार

आमच्या गाडीच्या बॉनेटवरचे चरे माझ्यामुळे पडले आणि त्यांचा आळ मी बायकोवर घेतला. तेही तिच्या माहेरी, अकोल्यात, तिच्या आईसमोर आणि धाकट्या भावासमोर. बोललो तेव्हा मला ते खरंच वाटत होतं, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण खरं काय ते कळल्यावरही मी गप्प राहिलो.

दसऱ्याला सकाळी आम्ही अमरावतीत घरासमोर गाडीची पूजा केली. आदल्या वर्षी दोऱ्यानं बांधलेला झेंडूचा हार बडनेऱ्याच्या पुढे कुठेतरी उडून गेला होता, आणि मला उगाच अपशकुन झाल्यासारखं वाटत राहिलं होतं. म्हणून या वेळी मी बांधकामाची उरलेली लोखंडी तार काढली, फुलं तिच्यातच ओवली आणि दोन्ही टोकं बॉनेटच्या आत पिळून घट्ट केली.

"तार कावून लावून राह्यले? सुतळी आहे ना घरात," बायको म्हणाली.

"दोऱ्याचं पाह्यलं मागच्या साली," मी म्हणालो आणि पिळा आणखी आवळला.

ती त्याच पावसाळ्यात गाडी शिकली होती. माहेरी आईचे गुडघे गेलेले, भाऊ दिवसभर दुकानात. बस, मग ऑटो, यातच दिवस जातो. आपली आपण गेलो तर आईजवळ निवांत बसून दिवेलागणीला घरी येता येईल, एवढाच तिचा हिशेब. त्या सकाळी ती पहिल्यांदा एकटी चौकात जाऊन आपट्याची पानं घेऊन आली. गाडी गेटातून आत घेतली आणि उतरून घाम पुसला. मी पेपर वाचत होतो. चांगली लावलीस, एवढं म्हणायलाही मान वर केली नाही.

दुपारी अकोल्याला निघालो तेव्हा चालवायला मी बसलो. हायवेवर हार बॉनेटवर आपटत होता, पाकळ्या काचेवर येत होत्या. मूर्तिजापूर गेलं तरी हार जागेवर आहे, याचाच मला आनंद.

पोचलो तेव्हा हाराची एक बाजू सुटून नुसती तार लोंबत होती. मी ती ओढून तोडली आणि कुंपणापाशी टाकली. मेहुण्याला गाड्यांचं वेड. त्यानं सवयीनं फडकं घेऊन धूळ पुसली, आणि चरे दिसले.

"भाऊजी, हे काय झालं?"

"तुमच्या बहिणीले विचारा. सकाळी एकटीच घेऊन गेली होती, गेटाले घासली असन."

तो हसला. "ताई, तुले ऑटोच बरा."

"मी कुठंच नाई घासली," ती म्हणाली.

"कायले पाह्यजे व माय तुले हे या वयात?" सासूबाई काळजीनंच म्हणाल्या.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंच्या हातात सोनं देऊन पाया पडत होतो. बॉनेटच्या माथ्यावर गेट कसं घासेल, हा साधा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. 

त्यानंतर किल्ली खुंटीलाच राहिली. ती अकोल्याला बसनं जाऊ लागली. मी म्हणायचो, गाडी ने ना. "नको. तुमच्या गाडीले काई झालं तर?" ती शांतपणे म्हणायची, आणि पिशवी उचलायची.

थंडीत एका रविवारी मी चरे घरीच काढायला घेतले. गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावली, कारण उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं. शाम्पूच्या पाण्यानं धुतली, मऊ कापडानं कोरडी केली. मग प्रत्येक चऱ्यावरून आडवं नख फिरवलं. नख अडकलं नाही तर चरा वरवरचा. अडकलं तर रंग लावावा लागणार. बहुतेक वरवरचेच होते. दोन मात्र खोल, आतला पांढुरका थर दिसत होता.

नख फिरवता फिरवताच मी थांबलो. सगळे चरे कमानीसारखे वाकडे होते, आणि सगळे एकाच कोपऱ्याभोवती फिरलेले. बॉनेट उघडलं. त्याच कोपऱ्यात माझा पिळा तसाच होता. पुढे तुटून आतच वळून राहिलेली वीतभर तार, तिला एक वाळका झेंडू. तार बाहेर घेऊन बॉनेट बंद केलं आणि तिचं टोक मी हलकेच फिरवलं. ते नेमकं चऱ्याच्या रेषेवरून गेलं.

बायको पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. हाक मारली असती तर चार पावलांवर होती. मी पिळा सोडवून तार खिशात घातली आणि पॉलिश घासायला लागलो. हात गोल गोल फिरत होता, चरे जात होते, आणि त्यांच्याबरोबर माझ्या चुकीची खूणही. मला त्यात सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगायला हवं. खोल चऱ्यांत गाडीच्या रंगाचा टच-अप बारीक ब्रशनं भरला, सुकू दिला, पुन्हा भरला.

"निंगाले का?" तिनं विचारलं.

"निंगाले."

"बरं झालं," ती म्हणाली आणि सुपातला कचरा पाखडला. किल्लीकडे तिनं पाहिलंही नाही.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आम्ही अकोल्याला गेलो. तार माझ्या खिशात होती. वाटेत मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा सांगावं असं मनात आलं. पण हे तिला एकटीला गाठून सांगण्यासारखं नव्हतं. मी तिच्यावर आळ चारचौघांत घेतला होता.

जेवायला बसलो. भरीत झालं होतं. मेहुण्यानं बाहेर गाडीकडे पाहिलं. "वा भाऊजी, नवीकोरी केली. ताई, आता हात नको लावजो तिले."

बायको ताटात पाहत राहिली. मी खिशातली तार काढून ताटाशेजारी ठेवली. वाळका झेंडू अजून तिला होता.

"हे काय, भाऊजी?"

"दसऱ्याच्या हाराची तार. चरे या तारेनं पाडले. तुमच्या बहिणीनं गाडी कुठंच घासली नाई."

सासूबाई म्हणाल्या, "मंग तेव्हा तसं कावून म्हटलं जी?"

"तेव्हा मले मालूम नव्हतं, मामी. पण गाडी साफ केली त्या दिवशी मालूम पडलं, आन् मी गप्प बसलो." मग मी तिच्याकडे वळलो. "तू सुतळी बांधा म्हणत होती, ते ऐकलं नाई. मी नाई घासली म्हणत होती, तेही ऐकलं नाई. इथंच तुह्यावर आळ घेतला, म्हणून इथंच सांगतो. चुकलो मी. माफ कर मले."