ओझेला मावशीची ओळ

अलाबामातल्या आमच्या चर्चमध्ये भजनाचं पुस्तक कुणाच्या हातात नसतं. एकानं उभं राहून ओळ सांगायची, मग सगळ्यांनी ती लांबवून, घोळवून गायची. ओळ सांगायची माझी मावशी, ओझेला टॉलिव्हर. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली बाई, पण रविवारी तिनं ओळ सोडली की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द कळायचा.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं बहिणीकडे एकच मागितलं.

"ओझे, मला निरोप देताना ओळी तूच सांग. चर्चच्या त्या हॉलिस कारभाऱ्याला उठू देऊ नकोस, खेचरासारखा रेकतो मेला."

"आधी मर तर खरी, मग बघू," मावशी म्हणाली आणि दोघी खो खो हसल्या.

त्याच उन्हाळ्यात मावशीचे वरचे समोरचे चार दात ठणकायला लागले. मी तिला गाडीतून शहरातल्या दातांच्या गोऱ्या डॉक्टरकडे नेलं. बाईसाहेब हॅट, हातमोजे आणि कडक इस्त्रीचा झगा घालून निघाल्या.

"मावशी, लग्नाला निघालीस का?"

"गप गं. गबाळं गेलं की ते आपल्याला माणसात धरत नाहीत. आणि त्यांच्यापुढे कण्हायचंही नाही."

आम्हा काळ्या बायकांना हे आईच्या मांडीवरच शिकवतात. जळो ती शिकवण.

आमच्या आधी एक गोरी बाई आत होती. उघड्या दारातून डॉक्टर तिला म्हणताना ऐकू आला, "रूट कॅनॉल करू, मॅडम. आपला दात तो आपला दात." मग आमची पाळी. तो पोरसवदा डॉक्टर अडुसष्ट वर्षांच्या मावशीला म्हणाला, "ओझेला, आ कर. दुखतंय?"

"थोडंसं, सर."

थोडंसं! आठवडाभर तिच्या पोटात धड घास गेला नव्हता.

"चारही काढून टाकू."

"सर, वाचवता नाही का येणार? आत्ता त्या बाईंचा..."

"त्याला दोन-तीनदा यावं लागतं. तुम्ही लोक दुसऱ्यांदा फिरकत नाही, ओझेला."

त्यानं सुई टोचली आणि हिरडी बधिर व्हायच्या आतच चिमटा घातला. मावशीची बोटं पर्समध्ये रुतली, चेहरा मात्र हलला नाही. डॉक्टर मदतनीस मुलीला म्हणाला, "बघ, यांना फारसं दुखतच नाही." मी ओरडले. मला बाहेर काढलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मग कवळी आली. ती बोलताना घसरायची. मावशी आरशासमोर ओळी घोकायची आणि निम्मे शब्द नुसते फुसफुसून जायचे. पानगळीत आई गेली.

चर्च गच्च भरलं होतं. मावशी शवपेटीशी उभी राहिली, पहिली ओळ उचलली आणि कवळी निसटली. तिनं ती रुमालात झेलली. सगळे थांबून राहिले, कारण ओळ मिळाल्याशिवाय आमच्यात कुणी गात नाही. हॉलिस उठायला लागला. मावशीनं त्याला हातानं खाली बसवलं. शेवटचं कडवं आम्ही ओठ मिटून नुसतं गुणगुणतो. तिनं पहिल्यापासूनच तसं सुरू केलं. सगळं चर्च तिच्यामागून गेलं. बाया हमसून रडल्या. इतकं सुंदर कधी ऐकलं नव्हतं, असं जो तो म्हणाला.

परतताना गाडीत मी तिला तेच सांगितलं. तिनं तोंडावर रुमाल दाबून धरला होता.

"सुंदर घेऊन काय करू?" ती बोबडं बोलली. "तिला शब्द हवे होते गं. माझ्या बहिणीला मी एका शब्दाविना धाडली."