वहिनीची पाळी

माझी वहिनी साठी उलटल्यावर पहिल्यांदाच एखादा मैदानी खेळ खेळली. तिची मुलगी रेवा आम्हा दोघींना डोंगरमाथ्यावर डिस्क गोल्फ खेळायला घेऊन गेली होती. सगळीकडे उघडा माळ, चढउतार आणि गवत. दूरवर खांबांवर साखळ्या लावलेल्या टोपल्या. प्लॅस्टिकची तबकडी कमीत कमी वेळा फेकून टोपलीत पाडायची, एवढाच खेळ. तबकडी पडेल तिथूनच पुढची फेक, आणि टोपलीपासून जो जास्त दूर असेल त्याने आधी फेकायचं.

वहिनीची पहिली तबकडी पायाशीच पडली. दुसरी वाऱ्याने मागे आणली.

"मला नाही गं जमायचं. तुम्ही दोघी खेळा, मी पिशव्या सांभाळते," ती म्हणाली.

सहलीत, समुद्रावर, जत्रेत, हे वाक्य मी तिच्या तोंडून इतकी वर्षं ऐकत आले होते. काही माणसांना मागे थांबायलाच आवडतं, असं आपण आपल्या सोयीसाठी ठरवून टाकतो. मला लाज वाटली. मी पिशव्या गवतात ठेवल्या.

"इथे कोण नेतंय त्या? टाक तू, वहिनी."

तिने पदर खोचला आणि जोर लावून तबकडी भिरकावली. ती उतारावर क्षणभर तरंगली, वळली आणि टोपलीच्या कितीतरी पलीकडे, घळीत दिसेनाशी झाली.

"गेली!" रेवा हळहळली.

वहिनी मात्र हसत उतारावरून धावत सुटली होती. तिला धावताना मी कधी पाहिलंच नव्हतं. थोड्या वेळाने घळीतून तिचा आवाज आला, "सापडली! रेवा, जो सगळ्यात लांब, त्याचीच पाळी आधी ना गं?"