उकळीबाईंचे मिशीवाले साहेब

उकळीबाई निवृत्त झाल्या तेव्हा इस्पितळातल्या दोन डॉक्टरांनी म्हणे सुटकेचा निःश्वास सोडला. तीस वर्षं शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, उकळून आत पाठवायचं काम बाईंकडे. त्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं तर भल्याभल्यांना आधी हात धुवावे लागत, तेही साबणाने, तेही कोपरापर्यंत. टोपणनाव काही उगीच पडलं नव्हतं.

घरी बसून बाई फरशा झिजवायला लागल्या, तेव्हा नवऱ्याने स्वतःचा जीव वाचवायला काचेची टाकी आणि सहा मासे आणले. बोटाच्या दोन पेरांएवढे, तळाशी घोळक्याने फिरणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तोंडाशी इवल्याशा मिशा. बाई पहिल्याच दिवशी त्यांना 'आमचे साहेब' म्हणू लागल्या.

मग साहेबांची सेवा सुरू झाली. दर रविवारी टाकी रिकामी, वाळू उकळलेली, फिल्टरचा स्पंज उकळलेला, काच लखलखीत. तिसऱ्या रविवारपर्यंत सहाही साहेब गेले. बाईंनी आणखी सहा आणले आणि आणखी जोर लावून घासलं. तेही गेले.

तिसऱ्या खेपेला मासेवाल्या दुकानदाराने हातच जोडले. "मावशी, राग मानू नका, पण तुम्हाला मासे देणार नाही. तुम्ही मारताय त्यांना."

"मी? माझ्या टाकीत घाणीचा एक कण दाखवा!"

"तेच तर ना! माशांची घाण पचवणारे जंतू त्या स्पंजात राहतात. तुम्ही त्यांनाच उकळता. मग पाणी विषारी होतं."

जंतू! ज्यांच्याशी उभा जन्म हाडवैर केलं, त्यांनाच पोसायचं? बाई घरी आल्या आणि न जेवता बसून राहिल्या. इस्पितळात त्यांच्या हत्याराने एकही जखम चिघळली नव्हती, आणि इथे बारा जीव त्यांच्याच हातून गेले होते. ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या परत दुकानात हजर. "एकदाच द्या. शिकेन मी."

दुकानदाराने सहा मासे दिले, सोबत स्वतःच्या टाकीतला एक मळका स्पंज. "हे गेले तर मात्र पुन्हा मागायचं नाही," असंही बजावलं.

बाईंनी उकळायचं मोठं पातेलं नवऱ्याकडून माळ्यावर टाकून घेतलं. आठवड्याला थोडंच पाणी बदलायचं, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा. काचेवर शेवाळ दिसलं की त्यांचे हात शिवशिवत, पण त्या हाताची घडी घालून बसत. चार महिने झाले, साहेब गुटगुटीत झाले.

एका सकाळी काचेवर मोहरीएवढे फिकट ठिपके दिसले. सवयीने बाईंचा हात फडक्यासकट पाण्यात गेला आणि ठिपक्यांपासून चार बोटांवर थांबला.

"अहो! इकडे या! आधी हे फडकं घ्या माझ्या हातातून!"

अंडी होती. दुकानदार फोनवर म्हणाला, "वेगळी काढा, नाहीतर मासेच खातील. पण आशा धरू नका, मावशी. माझ्याकडे दर वेळी बुरशी लागून सगळी वाया जातात. आजवर एक पिल्लू निघालं नाही."

बुरशी म्हटल्यावर बाईंनी पदर खोचला. पातेलं माळ्यावरून खाली आलं. काचेचा वाडगा उकळून, निववून त्यात टाकीचंच पाणी भरलं. बोटाच्या टोकाने एकेक अंडं अलगद सोडवलं. सव्वीस भरली. दिवसातून दोनदा पाणी बदललं, भिंगातून पाहून पांढरं पडलेलं अंडं ड्रॉपरने लगेच उचललं. तीस वर्षांत जे शिकल्या ते सगळं त्या वाडग्यापुढे कामाला लागलं.

चौथ्या दिवशी वाडग्यात तेवीस शेपट्या वळवळल्या. बाई अशा ओरडल्या की नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला.

महिन्याभराने दुकानदार स्वतः बघायला आला. पिल्लं आता वेगळ्या छोट्या टाकीत होती, त्यांना मिशाही फुटल्या होत्या. तो टाकीपुढे गुडघे टेकून बसला, तेवीस मोजले, पुन्हा मोजले.

"हरलो, मावशी. मला शिकवा हे," म्हणत त्याने बाह्या सरसावल्या आणि हात टाकीकडे नेला.

"थांबा," बाई जुन्या आवाजात कडाडल्या. "आधी हात धुवून या."

तो मोरीकडे निघाला. बाईंनी मागून हाक मारली, "कोपरापर्यंत! आणि खबरदार साबण लावलात तर!"