चापाची सांडशी

काल शेजारच्या सुमनताईंनी चहाचं पातेलं सांडशीने उचललं आणि मी चहा विसरून सांडशीकडेच पाहत राहिलो. तिच्या दांड्यांना तारेचा चाप होता. तो अडकवला की पातेलं निसटत नाही. आईचा हात भाजला तेव्हा माझ्या वडिलांनी तो शोधून काढला होता.

पेटंटच्या अर्जासाठी ते कोट घालून वकिलाकडे गेले, जणू सत्कारच होता. मी सोबत होतो.

"ही आधी कुणाला दाखवलीत का?" वकिलाने विचारलं.

"छे! फक्त याच्या आईने संक्रांतीला चाळीस जणींना वाण म्हणून वाटली."

"मग संपलंच, काका. जगजाहीर वस्तूला पेटंट नाही."

कायद्याला झाकून ठेवलेलंच नवं वाटतं. आमच्याकडे नवं काही झालं की आधी चार घरी जायचं. वडील आईवर रागावले नाहीत, पण तो कोट पुन्हा निघाला नाही.

"कुठली हो ही?" मी काल सुमनताईंना विचारलं.

"सासूबाईंना वाणात आलेली. कुणी दिली कोण जाणे! पण हात भाजला नाही कधी."

मी नाव सांगितलं नाही. "बघू जरा," म्हणून चाप दोनदा लावून पाहिला. अजून घट्ट बसत होता.