घरफोडी

बाबांनी उभं आयुष्य वास जोडण्यात घालवलं आणि त्यांच्या लेकीनं ते तोडण्यात. बाबा एसेन्सच्या कारखान्यात होते. एक उग्र अल्कोहोल आणि सिरक्यातलं आम्ल एकत्र तापवायचं, की दोघांच्या लग्नातून पिकल्या केळ्याचा वास जन्माला यायचा. शिकलेले लोक त्याला एस्टर म्हणतात, बाबा 'जोडपं' म्हणायचे. लेक मोठी होऊन प्रयोगशाळेत लागली आणि नेमकी हीच जोडपी पाण्याच्या मदतीनं वेगळी करायला बसली. "काय करते म्हणजे?" बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "घरफोडी करते!" शेजारी गार पडायचे. तेव्हापासून तिचं नावच घरफोडी पडलं.

आपल्या पोटात हे काम एन्झाइम बिनबोभाट करतात. तिला तसंच काहीतरी हातानं घडवायचं होतं. पॉलिमरचे बारीक पांढरे मणी, आणि त्यांच्या पोकळ्यांत घट्ट धरून ठेवलेलं जस्त. पोकळी जोडप्याला जागेवर धरते, जस्त पाण्याला धार लावतं. दुपारचं ऊन बाटल्यांवर आलं की तिची तंद्री लागायची. आपणच त्या मण्यात शिरलोय, भिंती मऊ आहेत, मधोमध जस्त मंद उजळलंय आणि दोघं जण एकमेकांचा हात सोडून दोन दारांनी निघून चाललेत. "बाई, जमिनीवर या," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची. चाचणीतलं सोपं एस्टर मणी चुटकीसरशी फोडायचे, केळ्याच्या वासापुढे मात्र हात टेकायचे.

मग बाबांना ताप आला, आणि जाताना तो त्यांचं नाक घेऊन गेला. एरवी नाकानं कांदे सोलणारा हा माणूस, भाजी कुणी केलीय हे दारातूनच सांगणारा, आता ताटातलं मुकाट गिळू लागला. हळूहळू बोलणंही आटलं. 'घरफोडी' तर कानावर पडेनासंच झालं. डॉक्टर म्हणाले, ओळखीचा वास रोज हुंगायला द्या, परत येईल कदाचित. ती रोज संध्याकाळी केळ्याच्या वासाची बाटली घरी आणू लागली.

"येतोय गं, थोडा थोडा," बाबा म्हणायचे.

तिच्यातल्या रसायनवालीला चैन पडेना. प्रत्येक चाचणीला पडताळ्यासाठी एक कोरी बाटली लागतेच, म्हणून एकदा तिनं नुसतं पाणी आणलं. बाबांनी डोळे मिटून हुंगलं. "केळं," ते म्हणाले. "छान आहे." भाजी बघायच्या निमित्तानं ती आत गेली आणि ओट्याला टेकून रडली. तिचं मन राखायला बाप खोटं बोलत होता, आणि तिनं त्याची परीक्षा घेतली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

बाटली आणणं मात्र तिनं सोडलं नाही. केळ्याच्या वासाच्या पाण्यात तिनं कितीतरी दिवस मणी भिजत ठेवले होते. एका दुपारी ते पाणी गाळून बाटलीत भरलं, तपासायचं तेवढं राहिलं. ही आणि रोज घरी न्यायची, दोन्ही बाटल्या सारख्याच, हिरव्या बुचांच्या. निघताना तंद्रीत नको ती पिशवीत गेली.

बाबांनी हुंगलं. भुवया जवळ आल्या. "हे काय आणलंस? आंबट आहे."

बाटल्यांची अदलाबदल तिच्या लक्षात आली. आंबट म्हणजे सिरका. पण सिरका मेलेल्या नाकालाही झोंबतो, एवढ्यावर हुरळून जाण्यात अर्थ नव्हता.

"झोंबतंय की वास येतोय, बाबा?"

ते पुन्हा वाकले, बराच वेळ वाकून राहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सावकाश उतरत होतं.

"सिरका झोंबतोय," ते म्हणाले, "पण त्याच्यामागे दुसरं कुणी उभं आहे. ते उग्र... डोकं धरायला लावणारं. कारखान्यात आमच्या अल्कोहोलच्या पिंपाचं झाकण उघडलं की यायचं ना, ते." त्यांनी बाटली पुन्हा नाकाशी नेली. "आणि केळं? केळं कुठे गेलं?"

बाबांचं नाक परत आलं होतं. मणी जिंकले, हे तर तिला दुसऱ्या दिवशी सुचलं.

बाबांनी बाटली तिच्या नाकासमोर नाचवली. डोळे भरून आले होते, आवाज मात्र पूर्वीचा, थेट शेजाऱ्यांपर्यंत जाणारा.

"चांगलं नांदतं जोडपं मोडलंस ना, घरफोडे!"