पुतळाबाईंची पेज

विपुलचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. स्वतःचा त्याहून जास्त आहे.

सानपाड्यात आमचा पळणाऱ्यांचा ग्रुप आहे आणि विपुल त्याचा कोच. पुतळाबाई भोईर ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर, चौपन्नच्या. मूळ सानपाडा गावातल्याच, लहानपण मिठागरावर टोपल्या वाहण्यात गेलं. पुढे शहर वसवायला जमिनी गेल्या, मुलं खोल्यांच्या भाड्यावर निवांत बसली, यांचे पाय काही बसेनात. पंजाबी ड्रेसखाली बूट घालून त्या पळायला लागल्या आणि आम्हा तिशीतल्यांना मागे टाकू लागल्या. तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "पाय उचल ना बाय, झारू काय मारतेस?"

त्यांना एकच हवं होतं. जानेवारीतली बेचाळीस किलोमीटरची शर्यत, आयुष्यात एकदा. त्यासाठी त्याआधीच्या तीस किलोमीटरच्या शर्यतीत पावणेचार तासांच्या आत पोचल्याचं सर्टिफिकेट लागत होतं. जानेवारीचे प्रवेश या तीसच्या शर्यतीनंतर दुसऱ्याच दिवशी बंद होणार होते.

तीसच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी विपुलने लेक्चर झोडलं. "पाकिटातलं एनर्जी जेल फेकून द्या. मातीतलं खा. पूर्वजांकडे परत चला." मग प्रत्येकाला खजूर-नाचणीचा एकेक लाडू, चकचकीत कागदात. आम्ही माना डोलावल्या. पुतळाबाईंनी लाडू उलटसुलट करून पाहिला.

"पलताना ह्यो गिलनार कसा? आमी पेज पितो."

कुणी ऐकलंच नाही. त्यांची पेज म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, पहाटे मीठ घालून कुस्करायचा आणि पिता येईल इतका पातळ करायचा. मिठागरावर माणसं भर उन्हात त्यावरच राबायची.

शर्यतीत बाविसाव्या किलोमीटरला ग्रुपचं टेबल होतं, त्यावर प्रत्येकाची नाव लिहिलेली बाटली. माझा गुडघा दुखत होता म्हणून टेबल मी सांभाळत होते. विपुल सायकलवरून आला, त्याने पुतळाबाईंची बाटली उघडून हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"शी! आंबलंय यार हे. मावशी आडव्या पडल्या तर नाव कुणाचं खराब होणार? ओतून टाक."

"त्यांना विचारून तरी..."

"सुचिता, टेन्शन नको देऊस. ओत."

मी ओतली, झाडाच्या बुंध्याशी. विपुलला कितीही शिव्या घातल्या तरी हात माझा होता.

पुतळाबाई आल्या तेव्हा वेळेच्या सात मिनिटं पुढे होत्या. "माजी बाटली?"

"सांडली," मी म्हटलं आणि लाडू पुढे केला.

त्यांनी बुंध्याकडे पाहिलं. पांढरी शितं तिथंच पडली होती, मुंग्याही लागल्या होत्या. मग माझ्याकडे पाहिलं. लाडू हाताने बाजूला सारून त्या नुसतं पाणी प्यायल्या आणि निघाल्या. सत्ताविसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. शेवटचे तीन किलोमीटर लंगडत काढले.

तीन तास एकोणपन्नास मिनिटं. चार मिनिटांनी सर्टिफिकेट हुकलं.

विपुल धावत गेला. "मावशी, लाडू खायला हवा होता ना!" त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. तेवढी हिंमत असती तर बाटली ओतलीच नसती.

पुतळाबाईंनी पिशवीतून दुसरी बाटली काढली. शर्यत संपल्यावर प्यायला आणलेली. झाकण उघडून ती माझ्यासमोर धरली.

"पी."

मी प्यायले. गार, खारट, किंचित आंबट. घसा निवला.

"नासलेली हाय?"

"नाही. काकू, मघाशी सांडली नव्हती. मी ओतली."

"ठाव हाय."

बाटली परत घेऊन उरलेली पेज त्यांनी उभ्याउभ्या संपवली. बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी, लंगडत घराकडे निघाल्या. गाडीत बसा, सोडतो, असं विपुल म्हणाला. त्या थांबल्या नाहीत.

"पुडच्या वरसाला परत पलनार हाय मी," त्या मान न वळवता म्हणाल्या. "पन तुमच्या टेबलावर काय ठेवनार नाय."